उमेदवारी

'उमेदवारी' म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर येतात ते फ्लेक्स, गुलाल आणि रिक्षावर बांधलेला भोंगा. आमच्या घरात मात्र या शब्दाला निवडणुकीचा वास नाही, डिझेलचा आहे. बेंबळीत रस्त्याच्या कडेला पप्पांचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. तिथं काम शिकायला आलेल्या पोराला काय करतोस असं कुणी विचारलं, की तो सांगतो, "मिस्तरींकडं उमेदवारी करतोय." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथं 'ॲप्रेंटिस' हा शब्द स्पेलिंगसकट पाठ केला, पण त्याचा अर्थ कळला तो गॅरेजातच.

ही उमेदवारी असते कशी? पहिलं वर्षभर पोरगा फक्त पार्ट धुतो आणि पाने ओळखतो. "बारा-तेरा दे" म्हटलं की हातात बारा-तेराच यायला हवा, चौदा-पंधरा नाही. दुसऱ्या वर्षी ऑइल, फिल्टर, क्लच प्लेट. इंजिनाचं हेड उघडायला मिळतं ते तिसऱ्या वर्षी, आणि तेही पप्पा शेजारी उभे असताना. आठवडी बाजाराच्या दिवशी त्याला खर्ची मिळते. रक्कम मोठी नसते, पण मिळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिकताना बोल्ट तुटला, थ्रेड गेला, तर तो खर्च पप्पांच्या खिशातून जातो. पोराच्या बापाकडं कुणी बिल पाठवत नाही. "आज माझा बोल्ट तोडंल, तवा उद्या माझं गॅरेज सांभाळंल," असं पप्पांचं गणित.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मला वैमानिक व्हायचंय. हसू नका! मेकॅनिकलच्या थर्ड इयरला येऊन, दोन सबमिशन डोक्यावर असताना हे काय नवीन खूळ, असं माझ्या रूम पार्टनरनेही विचारून झालंय. पण गेलं वर्षभर मी या विषयाची जमेल तेवढी माहिती गोळा करतेय. तेव्हा लक्षात आलं की विमान चालवणं हीसुद्धा शेवटी उमेदवारीचीच विद्या आहे. फक्त तिथल्या उमेदवारीचा हिशेब आमच्या गॅरेजाच्या बरोबर उलटा आहे.

आधी वैमानिक घडतो कसा ते सांगते. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स आपल्याकडं होतंच. डोळे, कान, हृदय वगैरेंची वैद्यकीय तपासणी असते. आधी 'क्लास टू', मग 'क्लास वन'. (चष्मा असला म्हणजे संपलं, ही समजूत चुकीची आहे. चष्म्याने नजर पुरेशी सुधारत असेल तर नागरी विमानांसाठी चालतं.) मग डीजीसीएच्या लेखी परीक्षा. एअर नॅव्हिगेशन, मीटिओरॉलॉजी म्हणजे हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन आणि टेक्निकल. प्रत्येक पेपरला पासिंग ७० टक्के! आपल्याकडं चाळीसला देव पाण्यात ठेवणाऱ्यांनी जरा विचार करावा. रेडिओवर बोलायची परीक्षा वेगळी. आणि या सगळ्याबरोबर २०० तासांचं उड्डाण, त्यातले किमान १०० तास स्वतः कॅप्टन म्हणून. एका विमानतळावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असा ३०० नॉटिकल मैलांचा लांबचा पल्लाही त्यात येतो, रात्रीचं उड्डाणही येतं. हे सगळं झालं की हातात येतं ते कमर्शियल पायलट लायसन, म्हणजे सीपीएल.

पण सीपीएल मिळालं म्हणजे एअरबसमध्ये बसता येतं असं नाही. ज्या जातीचं विमान चालवायचं त्याचं वेगळं 'टाइप रेटिंग' सिम्युलेटरवर करावं लागतं. मग प्रवासी नसलेल्या खऱ्या विमानात उतरणं-उडणं. आणि त्यानंतर खरी उमेदवारी सुरू होते. तिला 'लाइन ट्रेनिंग' म्हणतात. मागे प्रवासी बसलेले, डाव्या खुर्चीत शिकवणारा कॅप्टन, उजव्या खुर्चीत आपण. दोघांपैकी एक जण विमान चालवतो, दुसरा रेडिओ सांभाळतो आणि चालवणाऱ्यावर लक्ष ठेवतो. पुढच्या फेरीला अदलाबदल. कॅप्टनने "गिअर अप" म्हटलं की उजवीकडच्याने आधी विमान खरंच वर चढतंय याची खात्री करायची आणि मगच दांडा उचलायचा. मला तर यात थेट आमचा बारा-तेराचा पाना दिसतो. असे मिळून १५०० तास झाले, पुढच्या परीक्षा दिल्या, की मोठं लायसन मिळतं. कॅप्टनची डावी खुर्ची त्याच्याही पुढे.

या उजव्या खुर्चीपर्यंत पोचवण्यासाठी विमान कंपन्यांनी जी सोय काढलीय तिला 'कॅडेट पायलट प्रोग्रॅम' म्हणतात. इंडिगो, एअर इंडिया अशा कंपन्यांच्या अशा योजना आहेत. कंपनी चाचण्या घेऊन मुलं निवडते. त्यात गणित आणि इंग्रजी असतंच, पण एका हाताने जॉयस्टिक सांभाळत कानात येणारे आकडे लक्षात ठेवायचे असले प्रकारही असतात. मग ठरवून दिलेल्या उड्डाणशाळेत प्रशिक्षण, पुढे टाइप रेटिंग, आणि सगळ्या अटी पूर्ण केल्या तर त्याच कंपनीत ज्युनिअर फर्स्ट ऑफिसर. सगळं मिळून साधारण दीड ते दोन वर्षं. सरळ सीपीएल काढून नोकरी शोधत फिरण्यापेक्षा हा रस्ता नक्कीच बरा, कारण रस्त्याच्या शेवटी काय आहे ते आधीच माहीत असतं.

शिवाय हे काही फक्त अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत घडतं असं नाही, आपल्या राज्यातही घडतं. गोंदियाजवळ बिरसीला नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. बारामतीला, शिरपूरला, धुळ्याला शिकाऊ विमानं उडतात. एअर इंडियाने २०२४ साली अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर स्वतःची उड्डाणशाळा उभारायची घोषणा केली. ३४ शिकाऊ विमानं आणि वर्षाला १८० वैमानिक, असा तो आराखडा. धावपट्टी तर आमच्या जिल्ह्यातही आहे! २००९ साली राज्यातल्या नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) अशा पाच धावपट्ट्या एका खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या कराराने दिल्या गेल्या. आमच्याकडं अजून प्रवासी विमानांची वर्दळ काही सुरू झालेली नाही, पण धावपट्टी आहे खरी.

आणि गरज? २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या ऑर्डरी दिल्या. येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला ३० हजार वैमानिक लागतील, असं खुद्द केंद्र सरकार सांगतं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. त्या आठवड्यात वैमानिक नावाचा माणूस किती मोलाचा आहे ते साऱ्या देशाने विमानतळावर बॅगेवर बसून अनुभवलं. मुलींसाठी तर चित्र आणखी चांगलं आहे. जगात वैमानिकांमध्ये स्त्रिया सुमारे ५ टक्के, भारतात सुमारे १५ टक्के, असं सरकारनेच सांगितलंय. नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्त्याहून सिलचरला फक्त स्त्रियांनी चालवलेलं इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान गेलं, तेव्हा कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख. हे वाचलं त्या रात्री मी मेसची भाजीसुद्धा न कुरकुरता खाल्ली!

इथपर्यंत सगळं गोड. आता कडू भाग.

कॅडेट प्रोग्रॅमचा खर्च एक कोटीच्या आसपास, आणि बऱ्याचदा त्याहून जास्त. हा खर्च करतो कॅडेट. म्हणजे कॅडेटचा बाप. कंपनी निवड करते, शाळा ठरवते, नोकरीचं सशर्त आश्वासन देते, पण पैसे आपण भरायचे. ठरलेल्या तासांत हात बसला नाही आणि जादा तास लागले, तर त्याचेही पैसे आपणच भरायचे. थोडक्यात, बोल्ट तुटला तर पोराच्या खिशातून!

मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, त्यामुळे एक्सेल शीट केल्याशिवाय चैन पडेना. एक कोटी भागिले २०० तास म्हणजे तासाला ५० हजार रुपये. (यात टाइप रेटिंग, राहणं, परीक्षा सगळं आलं, पण शेवटी मोजायचं ते २०० तासांच्या मापानेच.) २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता. म्हणजे हवेतला एक तास जवळपास साडेनऊ क्विंटल सोयाबीन. आमच्या रानात चांगलं पिकलं तर एकरी आठ क्विंटल पडतं. म्हणजे एका तासाला एका एकरपेक्षा जास्त! आमचं रान सहा एकर. बियाणं, खत, फवारणी, मजुरी काहीही वजा न करता, सगळा माल हमीभावाने गेला असं धरलं, तरी एक वैमानिक व्हायला आमच्या रानाला ३९ वर्षं सोयाबीन पिकवावं लागेल. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या जिल्ह्यात जी अतिवृष्टी झाली तसलं एकही वर्ष त्यात मोजलेलं नाही.

"कर्ज काढ की," असं मैत्रिणी सहज म्हणतात. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात. मी आणि पप्पा एका बँकेत गेलो होतो. साहेब चांगले बोलले, चहा दिला. फ्लॅट आहे का, एन.ए. प्लॉट आहे का, एफ.डी. आहे का, असं विचारलं. शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बँका सहसा राजी नसतात, तसे तेही नव्हते. समजा कर्ज मिळालं. एक कोटी, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं, म्हणजे महिन्याला सुमारे १ लाख ३५ हजारांचा हप्ता. नोकरी वेळेवर लागली तर तो फिटेलही, कारण वैमानिकाचा पगार चांगला असतो. पण 'वेळेवर' हा शब्द आपल्या हातात नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, २०२० मध्ये कोरोनाने साऱ्या जगाची विमानं जमिनीवर आणली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. अशा वेळी हजारो तासांचे कॅप्टन घरी बसतात, मग २०० तासांच्या नव्या पोरीला कोण विचारणार? हप्ता मात्र चालूच राहतो.

दिवाळीच्या सुट्टीत हा विषय घरी निघाला. पप्पांनी माझी शीट शांतपणे बघितली. मोबाईलवर ती आडवी-उभी सरकवत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हे लोक शिकणाऱ्याला खर्ची देत न्हाईत?"

मी म्हटलं, "नाही पप्पा. उलट घेतात."

"मग ही उमेदवारी कसली?"

आजीची भीती वेगळी. १२ जून २०२५ चा अहमदाबादचा विमान अपघात तिने टीव्हीवर दिवसभर बघितला होता. "माय, जमिनीवरलं काय कमी हाय का?" एवढंच ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तिला मी काही पटवायला गेले नाही. अशा वेळी आकडेवारी उपयोगाची नसते.

रात्री जेवणं झाल्यावर पप्पा म्हणाले, "रस्त्याकडचं दोन एकर काढू. रस्त्याला लागून हाय, भाव येईल. उरलेलं बघू." ते इतक्या सहज म्हणाले, जणू फॅन बेल्ट बदलायचाय. आई काही बोलली नाही. धाकटा भाऊ दहावीला आहे, तो पुस्तकातून डोकं वर काढून माझ्याकडं बघत होता. चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, ओसरीवर बसला होता. त्याने आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं आणि एसटीच्या वर्कशॉपमध्ये ॲप्रेंटिसशिप केली. त्याला दर महिन्याला विद्यावेतन मिळायचं. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यातच तसं लिहिलंय. शिकणारा काम करतो, म्हणून त्याला पैसे द्यायचे. दादाच्या शिकण्यापायी घरचा एक गुंठाही गेला नाही. आणि माझ्यापायी दोन एकर, तेही पहिला हप्ता म्हणून?

मी "नको" म्हटलं. भीतीने म्हटलं नाही, आणि स्वप्न सोडलं म्हणूनही म्हटलं नाही. त्या दोन एकरांत माझ्या एकटीचं काय होतं? भावाचं शिक्षण त्यात होतं, आजीचं औषधपाणी त्यात होतं, पप्पांचं म्हातारपण त्यात होतं. एखाद्या कंपनीला वैमानिक हवाय, आणि तो घडवण्यातली सगळी जोखीम बेंबळीच्या एका घराने उचलायची, हा सौदा मला पटला नाही. पप्पांनी पुन्हा विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गॅरेजात चहा पिताना म्हणाले, "दुसरी वाट आसंल तर हुडक." मला तेवढं पुरेसं होतं.

दुसरी वाट आहे का? शोधल्या तेवढ्या लिहिते.

एक म्हणजे हवाई दल. तिथं खरी उमेदवारी आहे. ॲफकॅटचा फॉर्म फायनल इयरला असताना भरता येतो. निवड झाली तर शिकवायचा खर्च देशाचा. अलीकडच्या जाहिरातींप्रमाणे प्रशिक्षणात महिन्याला ५६,१०० रुपये विद्यावेतनही मिळतं. मोबदल्यात शॉर्ट सर्व्हिसची १४ वर्षं द्यायची. अर्थात तिथं आधी सैनिक व्हायचं असतं आणि मग वैमानिक, हे नीट समजून जावं. वैमानिकाची खास चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, तिथं के.टी. नाही.

दुसरी म्हणजे शिष्यवृत्ती. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या कोर्सेसमध्ये सीपीएलचाही समावेश आहे, हे फार थोड्या जणांना माहीत असतं. सगळा खर्च त्यातून निघेल असं नाही, पण ज्यांना लागू आहे त्यांनी समाजकल्याणच्या ऑफिसात जाऊन विचारावं.

तिसरी म्हणजे सबुरी. डिग्री पूर्ण करायची, नोकरी धरायची, काही वर्षं पैसे साठवायचे आणि मग कर्जाचा आकडा लहान करून जायचं. कॅडेट योजनांची वयोमर्यादा साधारण तिशीपर्यंत किंवा थोडी पुढे असते, तेव्हा गाडी लगेच सुटत नाही. दरम्यान लेखी पेपर स्वतः अभ्यास करून देता येतात. त्याला विमान लागत नाही, होस्टेलचं टेबल पुरतं. मी यंदा डीजीसीएचा कंप्युटर नंबर काढला आणि मीटिओरॉलॉजीपासून सुरुवात केली. ढगांचे प्रकार वाचताना गंमत वाटली. ज्या काळ्या, उंच वाढणाऱ्या ढगाला बघून आजी वाळवण उचलायला पळते, त्यालाच पुस्तकात क्युम्युलोनिंबस म्हणतात, आणि विमानानेही त्याला बघून पळायचंच असतं! नॅव्हिगेशनमधला वाऱ्याचा त्रिकोण तर सरळसरळ आपले व्हेक्टर्स आहेत. फ्लुइड मेकॅनिक्सला शिव्या घालणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं की पंखाचं सगळं शास्त्र तिथूनच सुरू होतं.

पण माणसाने वाट शोधायची म्हणजे कंपन्यांनी काहीच बदलायचं नाही, असं नव्हे. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातलं पहिलं लायसन मिळालं, तेव्हा उडणं हा श्रीमंतांचा छंद होता, आणि ते त्यांच्याच क्लबात शिकले. आज तो धंदा आहे. लाखो माणसं रोज विमानाने जातात. मग धंद्याने आपली माणसं धंद्यासारखीच घडवावीत. ब्रिटिश एअरवेजने सप्टेंबर २०२३ मध्ये हेच केलं. पहिल्या तुकडीच्या ६० जागा, प्रत्येकाच्या प्रशिक्षणाचा सुमारे १ लाख पाउंडापर्यंतचा खर्च कंपनीने करायचा. कारण त्यांनीच दिलं, की पैशामुळे चांगली मुलं या दारापर्यंत पोचतच नव्हती. आपल्या कंपन्यांनी सगळं फुकट द्यावं असं मी म्हणत नाही. अर्धा खर्च करा, उरलेला नोकरी लागल्यावर पगारातून कापा, बाँड लिहून घ्या. पण बोल्ट तुटला तर निम्मा तरी तुमच्या खिशातून जाऊ द्या. नाहीतर त्याला फी म्हणा, कोर्स म्हणा, उमेदवारी म्हणू नका. कारण एक कोटीची चाळण लावली की खाली पडतात ते पैसेवाले. हात चांगला असणारे, डोकं थंड असणारे, आभाळ वाचता येणारे किती जण वरच अडकून राहतात, हे त्या कंपनीला कधी कळतच नाही. आमच्या गॅरेजात पप्पांनी पोरं निवडताना बापाचा सातबारा बघितला असता, तर आज बेंबळी परिसरातले निम्मे ट्रॅक्टर बंद पडले असते!

असो. लेख लांबला, आणि संपादक मंडळाने दिलेली पानंही संपत आली.

ज्युनिअर्सपैकी कुणाच्या डोक्यात हेच खूळ असेल, तर रात्री नऊनंतर मी लेडीज होस्टेलच्या रीडिंग रूममध्ये असते. मुलांनी वर्गात विचारलं तरी चालेल. माझी एक्सेल शीट आणि मीटिओरॉलॉजीच्या नोट्स झेरॉक्सला देईन. शीटमध्ये फी, टाइप रेटिंग, राहणं, जादा तास, व्याज असे सगळे रकाने आहेत. शेवटचा रकाना मी मुद्दाम घातलाय, 'नोकरी दोन वर्षं उशिरा लागली तर?' फॉर्म भरायच्या आधी तो रकाना घरच्यांसमोर बसून भरा, एकट्याने भरू नका. तो भरूनही ज्याच्या घरचे शांत झोपू शकतील त्याने खुशाल जावं, आणि बेंबळीवरून जाताना जरा पंख हलवावेत. आजी अंगणातच असते.